भोवळ, कान आणि नाचणारी बुबुळे



नागपंचमीच्या दिवसांत आपल्या जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात गेलात, तर देवळापुढच्या पटांगणात मुली फुगड्या घालताना दिसतील. पाय जुळवलेले, हात ताणलेले, आणि गिरक्या अशा की पाहणाऱ्यालाच घेरी यावी! पुढे एकीचे हात सुटतात, दोघी हसत हसत खाली बसतात, आणि म्हणतात, "थांब गं, सारं फिरायलंय अजून." आता मुलगी तर थांबलेली आहे. देऊळ, पिंपळ, पार, सगळे जागच्या जागी आहे. मग फिरते ते काय?

त्या क्षणी कोणी त्या मुलीच्या डोळ्यांकडे जवळून पाहिले, तर मोठी मौज दिसेल. तिची बुबुळे स्थिर नसतात. ती एका बाजूला हळूच सरकतात आणि झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा झटका. मुलीला याची काही कल्पना नसते. अर्ध्या-पाऊण मिनिटात हा नाच थांबतो आणि त्याबरोबर देऊळही फिरायचे थांबते.

आजच्या भाषणाचा विषय हा बुबुळांचा नाच आहे. डॉक्टर लोक त्याला 'निस्टॅग्मस' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, आणि त्याचा संबंध डुलकीशी आहे. एस.टी.मध्ये दुपारच्या वेळी एखादा प्रवासी झोपेने पेंगत असतो, ते आठवा. त्याची मान हळूहळू छातीकडे झुकत जाते, मग एकदम दचकून वर येते, परत झुकू लागते. बुबुळांची चाल अगदी अशीच असते. मंद सरकणे आणि जलद झटका. मूळ बिघाड असतो तो मंद सरकण्यात. झटका म्हणजे मेंदूने डोळा जागेवर आणण्याचा केलेला खटाटोप. परंतु झटका चटकन नजरेत भरतो, म्हणून डॉक्टर दिशा सांगतात ती झटक्याची.

येथे एक खुलासा आधीच करून टाकतो. आपल्याकडे "डोळा लवतो" असे म्हणतात आणि उजवा की डावा, शुभ की अशुभ, याची चर्चा करतात. त्यात लवते ती पापणी. जागरण, काळजी, चहा-कॉफीचा अतिरेक यांनी पापणीचा स्नायू फडफडतो आणि बहुधा आपोआप थांबतो. आपण बोलतो आहोत ते पापणीविषयी नव्हे, तिच्या आतल्या बुबुळांविषयी.

आता फुगडीकडे वळू. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, कवटीच्या हाडात खोल, तीन बारीक नळ्या आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना अर्धवर्तुळाकार नलिका म्हणतात. तिघी एकमेकींशी काटकोनात आहेत, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळावी तशा. त्यांत पाणी असते. भरलेली घागर हातात धरून गरकन फिरवा आणि एकदम थांबवा. घागर थांबली तरी आतले पाणी फिरतच राहते. फुगडी थांबल्यावर कानात हेच होते. ते फिरते पाणी मेंदूला सांगते, "आपण अजून फिरतो आहोत," आणि मेंदू बिचारा त्यावर विश्वास ठेवून डोळे हलवू लागतो.

मेंदूने कानाचे ऐकून डोळे का हलवावेत, हे समजण्यासाठी एक छोटा प्रयोग करा. घरात वर्तमानपत्र असेल तर ते हातात धरा. डोके स्थिर ठेवून कागद डावीउजवीकडे भराभर हलवा; अक्षरे पुसट होतील. आता कागद स्थिर धरा आणि तितक्याच वेगाने डोके हलवा. अक्षरे वाचता येतात! डोके उजवीकडे गेले की डोळे नेमके तितकेच डावीकडे जातात म्हणून. हा हुकूम कानातून निघतो आणि सुमारे एक शतांश सेकंदात डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. नुसत्या नजरेवर भिस्त ठेवली असती तर याच्या कितीतरी पट वेळ लागला असता, आणि ढेकळांच्या रानातून चालताना समोरची वाट कॅमेरा हातात धरून धावणाऱ्या माणसाच्या चित्रासारखी उड्या मारताना दिसली असती. काहींना ती तशी दिसतेही. क्षयरोगावर पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने महिनोन्महिने देत असत. त्या औषधाने रोग बरा झाला, पण काही रोग्यांचे दोन्ही कानांतले हे तोलाचे यंत्र जळून गेले. बसल्या जागी त्यांना काही त्रास नसे; चालू लागले की साऱ्या जगाला हेलकावे.

तेव्हा कान, डोळे आणि मेंदू यांची अशी एकत्र बांधणी आहे. डोळा ही त्या बांधणीची खिडकी. कानाची नळी कवटीत दडलेली, मेंदूचा देठ त्याहून आत. त्यांतला बिघाड बाहेरून पाहायचा तर डोळ्यांतून.

ही गोष्ट नीट हेरली ती व्हिएन्ना शहरातील रॉबर्ट बारानी नावाच्या कानाच्या डॉक्टराने. गेल्या शतकाच्या आरंभी तो रोग्यांचे कान पिचकारीने धुऊन काढीत असे. रोगी तक्रार करीत की चक्कर येते. एकदा एक रोगी म्हणाला, पाणी फार थंड आहे, म्हणून चक्कर येते. बारानीने पाणी गरम केले; तर तक्रार आली की आता पाणी फार गरम आहे, आणि चक्कर पुन्हा येते! दुसऱ्या एखाद्याने कपाळाला हात लावला असता. बारानीने रोग्याच्या डोळ्यांत पाहिले. थंड पाण्याने बुबुळांचे झटके एका दिशेला, गरम पाण्याने बरोबर उलट दिशेला. शरीराच्या उष्णतेइतकेच कोमट पाणी घेतले तर झटके नाहीत आणि चक्करही नाही. चुलीवरच्या भांड्यात ऊन पाणी वर आणि थंड पाणी खाली जाते, तसा प्रवाह कानातल्या नळीत उत्पन्न होतो, असे त्याने अनुमान काढले. पुढे १९८३ साली अवकाशयानात, जिथे वजनच नाही तिथे, हाच प्रयोग केला तेव्हा बुबुळे तरीही नाचली. म्हणजे बारानीचे स्पष्टीकरण पुरते नव्हते. परंतु परीक्षा खरी होती आणि ती आजही करतात. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. ते जाहीर झाले तेव्हा हा गृहस्थ रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता. स्वीडनच्या राजपुत्राने मध्यस्थी केली तेव्हा १९१६ साली सुटका झाली.

हे सर्व व्हिएन्नात झाले. आपल्या जिल्ह्यात चक्कर आलेल्या माणसाचे काय होते, ते आता सांगतो. मी बरीच वर्षे या भागात डॉक्टरकी केली आहे, तेव्हा यातला काही दोष माझ्याही पदरात येतो.

अंबडकडच्या एका खेड्यातल्या एक मावशी. वय साठीच्या आसपास, मोसंबीच्या बागेत कामाला जात. फळ तोडायला मान वर केली की एकदम भोवळ. रात्री कूस बदलली की घर गरगरे. "डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "उजव्या अंगावर झाले की आढं खाली यायलंय, लेकराला हाका माराव्या लागतात. डोळे मिटून गप पडले की थांबतं. पण मरणाची भ्या वाटते बघा." माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांना सात महिने झाले होते. कोणी पित्त म्हणाले, कोणी रक्त कमी म्हणाले. एका ठिकाणी मानेचा फोटो काढून "मणक्यात गॅप आहे" असे सांगून गळ्यात पट्टा घातला होता. साठीच्या माणसाच्या मानेचा फोटो काढला तर त्यात झीज दिसायचीच, केसांत पांढरे दिसावे तशी. घरच्यांनी अंगारा लावला होता, तोही होताच. आणि चक्करच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालूच. मजुरी बुडाली होती.

या मावशींना काय झाले होते? कानातल्या तोलाच्या यंत्रात एके ठिकाणी चुन्याचे अगदी सूक्ष्म कण असतात, पिठाच्या कणीहूनही बारीक. खरोखरीचा चुना, खडूत असते तेच द्रव्य. खाली कोणते, वर कोणते, हे समजण्यासाठी निसर्गाने ते तिथे ठेवलेले आहेत. वय झाले, डोक्याला मार बसला, फार दिवस अंथरुणाला खिळून राहावे लागले, की यांतले काही कण सुटतात आणि शेजारच्या नळीत घरंगळतात. मग मान एका विशिष्ट बाजूला केली की कण नळीत घसरतात, पाणी ढकलले जाते, आणि मेंदूला खोटी वर्दी जाते: फिरतो आहोत, फिरतो आहोत. कण तळाशी बसले की वर्दी बंद. म्हणून ही चक्कर एका मिनिटाच्या आत ओसरते. वारंवार येणाऱ्या चकरांमध्ये हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो, पन्नाशीनंतर अधिक, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक.

तो ओळखायला यंत्र लागत नाही. १९५२ साली लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या दोघांनी त्याची परीक्षा घालून दिली. रोग्याला खाटेवर बसवायचे, मान एका बाजूला अर्धवट वळवायची, आणि झटकन असे निजवायचे की डोके खाटेच्या कडेखाली थोडे लोंबेल. मग डोळ्यांत पाहत थांबायचे. मी मावशींना उजवीकडे मान करून निजवले. एक, दोन, तीन, चार... काही नाही. आणि मग बुबुळे गिरकी घेत वर उड्या मारू लागली. मावशींनी माझे मनगट असे धरले की त्यांच्या बांगड्या रुतल्या. मी मोजत होतो. पंचवीसपर्यंत आलो आणि उड्या थांबल्या. "थांबलं, थांबलं," मावशी म्हणाल्या.

उपचार त्याच खाटेवर झाला. अमेरिकेतील पोर्टलंड गावच्या जॉन एप्ली या डॉक्टराने तो १९८० च्या सुमारास शोधून काढला. त्याचे म्हणणे साधे होते: कण नळीतून बाहेर काढायचा असेल तर नळीच फिरवा, म्हणजे तो घरंगळत मूळ ठिकाणी जाईल. लहान मुलांच्या खेळण्यात, गोळी चक्रव्यूहातून बाहेर काढायची असते, तसे. रोगी निजलेला असतानाच मान दुसऱ्या बाजूला वळवायची, थांबायचे. मग त्याला कुशीवर करून नाक जमिनीकडे आणायचे, थांबायचे. मग उठून बसवायचे. पाच मिनिटांचे काम. एप्लीने हे प्रथम सांगितले तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढले. डोके फिरवून का रोग बरा होतो! त्याचा परिपूर्ण लेख छापून यायला १९९२ साल उजाडले. आज साऱ्या जगात हा उपाय पहिला म्हणून मानतात.

मावशींना मी हे दोनदा केले. आठ दिवसांनी त्या आल्या त्या गळ्यातला पट्टा पिशवीत घालून. कूस बदलता येत होती. "मग तो खडा गेला कुठं?" त्यांनी विचारले. मी सांगितले की तो आपल्या जागी परत गेला, तिथे यथावकाश विरून जाईल. कण पुन्हा सुटू शकतात, हेही सांगितले. त्यांना ते दीड वर्षाने पुन्हा झाले. या खेपेस त्या सात महिने थांबल्या नाहीत.

हा उपाय ऐकून कोणी घरीच आजोबांना खाटेवर आडवे-उभे करू नये. कोणत्या कानाचा आणि कोणत्या नळीचा दोष, हे आधी पाहावे लागते, आणि मानेचा किंवा हृदयाचा विकार असेल तर जपावे लागते. एकदा डॉक्टरांनी करून दाखवले की पुढच्या वेळी घरी कसे करायचे ते तेच शिकवतात.

गोळ्यांविषयी दोन शब्द. चक्कर जोरात असते त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गोळी किंवा इंजेक्शन जरूर द्यावे. ओकाऱ्यांनी माणूस हैराण होतो. पण तीच गोळी महिनोन्महिने चालू ठेवणे हा आपल्याकडचा फार वाईट प्रघात आहे. यांतल्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचे हात कापू लागतात, चाल मंदावते, चेहरा मुखवट्यासारखा होतो. शिवाय मेंदू बिघडलेल्या कानाशी जुळवून घ्यायला स्वतःच शिकत असतो, त्या शिकण्यातही गोळी आडवी येते. आणि चुन्याचा कण काही गोळीने हलत नाही.

आता दुसरी हकीकत. ही सांगताना आजही जड वाटते.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मोंढ्यातले एक मुनीम, पंचावन्नच्या आसपासचे, रक्तदाबाचे रोगी, विडीची सवय. पहाटे त्यांना माझ्याकडे आणले. उलट्या चाललेल्या, आणि चक्कर अशी की धरून बसवले तरी एका अंगाला कलंडत. आदल्या रात्री लग्नाचे जेवण झालेले. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळ्यांवर बॅटरी मारली. बुबुळे नाचत होती. ते मी कागदावर लिहिलेसुद्धा! पण कोणत्या दिशेने नाचतात, दिशा बदलते का, हे पाहण्यासाठी मी थांबलो नाही. बाहेर रोगी बसले होते. पित्त खवळले आहे, असे सांगून उलटीचे इंजेक्शन दिले आणि घरी पाठवले. संध्याकाळी त्यांचा मुलगा धावत आला, बाबा हाका मारूनही नीट जागे होत नाहीत. जीपमध्ये घालून त्यांना साठ किलोमीटरवरच्या औरंगाबादला नेले. आज त्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. लहान मेंदूची रक्तवाहिनी बंद पडून त्याला सूज आली होती. ते वाचले. पण पुढे आयुष्यभर पाय फाकवून, भिंतीला हात लावीत चालत. रस्त्यात भेटले की रामराम करीत, एकदाही काही बोलले नाहीत. चूक माझी होती.

डोळ्यांनी मला त्या पहाटे काय सांगितले असते? पुष्कळ काही. कानाच्या रोगात बुबुळांचा झटका एकाच दिशेला राहतो. रोग्याने डावीकडे पाहावे की उजवीकडे, झटका डावा तो डावाच, फक्त कमीजास्त होतो. समोरच्या वस्तूवर नजर रोखली की तो मंदावतो. मेंदूच्या रोगात रोग्याने उजवीकडे पाहिले की झटका उजवा, डावीकडे पाहिले की डावा, असे होऊ शकते. किंवा बुबुळे सरळ वर किंवा सरळ खाली उड्या मारतात, गिरकी नाही काही नाही, आणि नजर रोखली तरी थांबत नाहीत. दुसरी खूण अशी: रोग्याचा एक डोळा झाकून मग तोच हात दुसऱ्या डोळ्यावर नेला, तर उघडा झालेला डोळा किंचित वर किंवा खाली सरकून जागेवर येतो, म्हणजे दोन डोळ्यांची पातळीच बदललेली असते. तिसरी परीक्षा मोठी विलक्षण आहे. रोग्याला डॉक्टरांच्या नाकाकडे पाहायला सांगून त्याची मान एकदम थोडी वळवतात. कान बिघडलेला असेल तर डोळे मानेबरोबर घसरतात आणि मग चुकल्यासारखे परत नाकावर येतात. डोळे न घसरता नाकावरच राहिले, तर कान शाबूत आहे. आणि इतक्या चक्करीत कान शाबूत असेल तर दोष मेंदूत शोधला पाहिजे. चांगली दिसणारी खूण येथे वाईट ठरते!

२००९ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी या तीन परीक्षा एकत्र करून सतत चक्कर असलेल्या १०१ रोग्यांवर तपासल्या. हे रोगी असे होते की ज्यांना पक्षाघाताचा धोका मुळातच होता. तज्ज्ञाच्या हातून केलेल्या या परीक्षांत मेंदूचा एकही पक्षाघात सुटला नाही. उलट पहिल्या दोन दिवसांत काढलेल्या एम.आर.आय.मध्ये काही सुटले होते. सी.टी. स्कॅनला तर डोक्याच्या मागच्या भागातली नवी गाठ सुरुवातीला पुष्कळदा दिसतच नाही. "स्कॅन नॉर्मल आहे, काळजी नको" असे म्हणून चालत नाही ते यासाठी. अर्थात तज्ज्ञ म्हणजे ज्याने हे पुष्कळदा केले आहे असा माणूस. पुस्तकात वाचून एकदा मान वळवली म्हणजे ही अचूकता येत नाही.

रोग्याच्या खाटेशी बसून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची ही विद्या यंत्रांच्या काळात मागे पडू लागली आहे. आपल्या जिल्ह्याने तिला विसरू नये, कारण याच जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशाचे कोडे असेच सोडवले. विंचू चावलेला माणूस हृदयावर ताण येऊन, फुफ्फुसात पाणी भरून दगावतो, हे त्यांनी रोग्यांच्या उशाशी रात्री काढून टिपले, १९८२ साली ते 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि पुढे रक्तदाबाचे एक साधे औषध देऊन शेकडो जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, अमेरिकेतील ॲरिझोना भागातल्या एका जातीच्या विंचवाने मूल डसले तर त्याची बुबुळे वाटेल तशी सैरावैरा फिरू लागतात, आणि तिकडचे डॉक्टर त्यावरूनच विंचू ओळखतात.

असो. सर्वच नाचणारी बुबुळे भोवळीची नसतात. आगगाडीत खिडकीशी बसलेल्या सहप्रवाशाचे डोळे पाहा. तारांचे खांब मागे जातात तसे त्याचे डोळे मागे सरकतात आणि झटक्याने पुढे येतात. ते निरोगीपणाचे लक्षण आहे. लहान मुलाला दिसते की नाही, ते बोलून सांगू शकत नाही. तेव्हा डॉक्टर त्याच्यापुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पिंप फिरवतात. डोळे असे नाचले तर दिसते आहे.

दारूने बुबुळे नाचतात, हे मी न सांगताही पुष्कळांच्या घरी ठाऊक असेल. रात्री खाट फिरल्यासारखी वाटते ती यामुळेच. नेहमी पिणाऱ्याचे जेवण सुटले, बुबुळे नाचू लागली, चाल लटपटली आणि बोलण्यात गोंधळ आला, तर ती नशा समजून झोपू देऊ नये. एका जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूला झालेली ती इजा असू शकते आणि वेळेवर सुईने ते जीवनसत्त्व दिले तर माणूस सुधारतो. फिट्सच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचेही डोळे कडेला पाहताना नाचू लागले आणि तोल जाऊ लागला, तर गोळीची मात्रा जास्त होते आहे, असे बहुधा समजावे. मात्र गोळ्या एकदम बंद करू नयेत. ज्यांनी दिल्या त्यांना जाऊन दाखवावे.

मुलांची गोष्ट थोडी वेगळी आणि तिच्याकडे आपल्या शाळांचे लक्ष असायला हवे. काही मुलांची बुबुळे जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांपासूनच नाचत असतात. या मुलांना चक्कर येत नाही, जग हलताना दिसत नाही. त्यांच्या मेंदूने त्याशी लहानपणीच जमवून घेतलेले असते. नजर मात्र अधू असते. त्यांना एक युक्ती आपोआप सापडते: मान एका विशिष्ट कोनात तिरकी केली की नाच कमी होतो आणि फळा स्पष्ट दिसतो. मग वर्गात गुरुजी ओरडतात, "ए, सरळ बघ! तिरका का बसतोस?" ते पोर मान सरळ करते आणि त्याला फळा दिसेनासा होतो. शिक्षकमंडळींना माझी विनंती आहे की अशा मुलाला पुढच्या बाकावर, त्याची मान ज्या बाजूने सोईची होईल त्या बाजूला बसवावे आणि तिरके पाहू द्यावे. अंगाने पांढरीफटक, पिंगट केसांची जी मुले जन्मतात, त्यांच्यात हा दोष फार आढळतो; त्यांना उन्हाचाही त्रास होतो. चष्म्याने पुष्कळ फायदा होतो. आणि तान्ह्या मुलाची बुबुळे नाचताना दिसली तर 'मोठेपणी जाईल' म्हणून थांबू नये, कारण कधी त्यामागे जन्मजात मोतीबिंदू असतो, क्वचित मेंदूतली गाठही असते. अंगणवाडीत आणि शाळेत बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांच्या नजरेस आणावे. जालन्यातच श्री गणपती नेत्रालयासारखे डोळ्यांचे मोठे रुग्णालय आहे, फार लांब जाण्याची गरज नाही.

आता शेवटी, घरात कोणाला चक्कर आली तर काय करायचे. कूस बदलताना, मान वर करताना, मिनिटभर येऊन जाणारी चक्कर असेल तर घाबरू नका. सवडीने कानाच्या डॉक्टरांकडे जा आणि मान वळवून तपासण्याविषयी विचारा. परंतु चक्कर अचानक सुरू झाली आणि थांबतच नाही, रोग्याला आधाराशिवाय बसता येत नाही, एकाचे दोन दिसतात, जीभ जड झाली, गिळताना ठसका लागतो, तोंड वाकडे झाले, एका हातापायातले बळ गेले, किंवा मान-डोक्यात कधी नव्हे अशी कळ आली, यांतले काही असेल तर ते पित्त नव्हे. लिंबू-सरबत पाजीत बसू नका. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि खेड्यातून निघून मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत यातला निम्मा वेळ रस्त्यातच जातो. १०८ क्रमांकाला फोन करा. जालन्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना जिथे मेंदूचा स्कॅन आणि हे औषध दोन्ही आहेत तिथेच न्यायला सांगा. चक्कर किती वाजता सुरू झाली ती वेळ कागदावर लिहून ठेवा. पहिला प्रश्न तोच विचारतील.

आणि आणखी एक काम करा, ते माझ्या तरुणपणी शक्य नव्हते. चक्कर चालू असतानाच रोग्याला डोळे उघडे ठेवायला सांगा, फोन त्याच्या चेहऱ्याजवळ उजेडात धरा, आणि समोर, मग डावीकडे, मग उजवीकडे पाहायला सांगून अर्धा मिनिट चित्रण करा. यासाठी निघायला मात्र उशीर करू नका; गाडी येईपर्यंतचा वेळ पुरेसा आहे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बुबुळे कदाचित थांबलेली असतील. तो फोन डॉक्टरांच्या हातात द्या.